टर्बोभारित लघू पेट्रोल एंजिन

सु. एक लिटर (१,००० घ. सेंमी.) किंवा त्याहून थोड्या अधिक सिलिंडर-धारकतेचे, ठिणगीने प्रज्वलन होणारे व निष्कास वायूंच्या ऊर्जेवर चालणाऱ्या संपीडकाने हवा भरली जाणारे मोटारगाडीचे एंजिन. यात बहुधा तीन, क्वचित दोन वा चार सिलिंडर असतात. पूर्वी १.६ लि. धारकतेच्या साध्या एंजिनाकडून जे काम घेतले जाई ते या लहान एंजिनाकडून करवून घ्यावे व हलका भार असताना इंधनाची बचत साधावी, हा यामागील हेतू आहे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही एंजिने झपाट्याने प्रचारात आली. त्यांच्या गुणांबरोबरच त्यांचे काही विशिष्ट दोषही याच काळात उघड झाले.

कार्यतत्त्व : पेट्रोलाचे पूर्ण ज्वलन होण्यास त्याच्या वजनाच्या सु. १४.७ पट हवा लागते. म्हणून एंजिनापासून मिळणारी शक्ती प्रत्येक धावेत किती हवा सिलिंडरात शिरते यावर अवलंबून असते. साध्या एंजिनात दट्ट्या खाली जाताना निर्माण होणाऱ्या निर्वातामुळे हवा ओढली जाते व तिचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक होऊ शकत नाही. टर्बोभारकात एकाच दंडावर दोन चक्रे बसविलेली असतात. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरते आणि त्यामुळे दुसरे चक्र फिरून ताजी हवा दाबाखाली एंजिनात ढकलते. दाबामुळे तापलेली हवा मधल्या शीतकातून नेऊन थंड केली म्हणजे तिची घनता आणखी वाढते. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून काही वायू टर्बाइनाला वळसा घालून सोडून देणारी उपमार्ग झडप ठेवलेली असते.

हवा जास्त भरली की मिश्रणाचे तापमान वाढते व ते ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता पेट घेऊन एंजिन ठोके देऊ लागते. ही अडचण या प्रकारच्या एंजिनाच्या सर्व इतिहासात दिसते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी निष्कास वायूंवर चालणाऱ्या संपीडकाचे एकस्व (पेटंट) १९०५ मध्ये मिळविले, तरी प्रवासी मोटारगाड्यांत तो १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेर या गाड्यांतच प्रथम आला. जेटफायरमध्ये ठोके टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून एंजिनात सोडले जाई. ती टाकी वेळेवर भरण्याची दक्षता अनेक मालकांनी घेतली नाही. एखादी योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने कितीही निर्दोष असली, तरी ती मालकाच्या शिस्तीवर विसंबून असेल तर काय होते याचे हे बोलके उदाहरण होय. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बो गाडीत संपीडन गुणोत्तर ६.९ पर्यंत खाली आणून हाच प्रश्न सोडविला होता, पण त्यामुळे हलक्या भारावर इंधनाचा अपव्यय होई. पेट्रोल थेट सिलिंडरात उच्च दाबाने फवारण्याची पद्धत रूढ झाल्यावर मात्र परिस्थिती पालटली. फवाऱ्याचे बाष्पीभवन सिलिंडरातच होत असल्याने आतील हवा थंड होते व टर्बोभारण करूनही संपीडन गुणोत्तर १० च्या आसपास ठेवता येते. यूरोपीय संघाने २००९ मध्ये केलेल्या नियमानुसार २०१५ पर्यंत नव्या गाड्यांचे कार्बन डाय-ऑक्साइडाचे सरासरी उत्सर्जन दर किमी.ला १३० ग्रॅमवर आणणे उत्पादकांना भाग होते. लघू एंजिनांच्या प्रसाराला खरी चालना या नियमाने दिली.

एक प्रातिनिधिक एंजिन : फोर्ड कंपनीचे एक लिटर ‘इकोबूस्ट’ एंजिन हे या वर्गातील बहुचर्चित उदाहरण होय. याचा आराखडा मुख्यतः इंग्लंडमधील डंटन येथील केंद्रात तयार झाला, तर उत्पादन जर्मनीतील कोलोन व रूमानियातील क्रायोव्हा येथे होऊ लागले. २०१२ मध्ये ते फोकस गाडीत बसविण्यात आले. २०१२, २०१३ व २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याला ‘आंतरराष्ट्रीय वर्षाचे एंजिन’ हा सन्मान मिळाला.

यात एका ओळीत तीन सिलिंडर असून प्रत्येकाचा व्यास ७१.९ मिमी. व दट्ट्याची धाव सु. ८२ मिमी. आहे. एकूण धारकता ९९९ घ. सेंमी. व संपीडन गुणोत्तर १०:१ आहे. प्रत्येक सिलिंडरास चार झडपा असून दोन्ही कॅमदंडांची वेळ बदलता येते. प्रारंभी १०० व १२५ मेट्रिक अश्वशक्तीचे प्रकार निघाले. पुढे १४० अश्वशक्तीचाही निघाला. १२५ अश्वशक्तीच्या प्रकारात १७० न्यूटन-मीटर इतके परिपीडन परिबल (पीळ देणारे परिबल) मिनिटाला १,४०० फेऱ्यांपासूनच मिळते. यावरून हिशेब केल्यास सिलिंडरातील सरासरी परिणामी दाब वातावरणाच्या दाबाच्या एकवीसपट येतो. साध्या एंजिनात तो सामान्यतः बारापटीच्या आसपास असतो. दट्ट्या, संयोगदांडे व धारवे यांच्यावर पडणाऱ्या ताणाची यावरून कल्पना येते. टर्बोभारकाचे चक्र मिनिटाला दोन लक्षांहून अधिक फेरे घेऊ शकते.

सिलिंडरांचा ठोकळा ॲल्युमिनियमाऐवजी बिडाचा केलेला आहे. बीड जड असले तरी या ठोकळ्याचा आकार इतका लहान आहे की, वजनातील तोटा फारसा जाणवत नाही आणि एंजिन लवकर तापते. निष्कास नळीसमूह सिलिंडर-शीर्षातच ओतलेला असून त्याभोवती शीतक पाणी फिरते. तीन सिलिंडरी एंजिनात दोन टोके वरखाली हेलकावे खाण्याची प्रवृत्ती असते. त्यासाठी वेगळा समतोलक दंड न घालता प्रचक्र व पुढची कप्पी ही हेतुपुरस्सर असमतोल बनविली आहेत. त्यामुळे कंप ज्या दिशेत टेकूंना सहज सोसवतो त्या दिशेत वळविला जातो. ही युक्ती कल्पक आहे व ती यशस्वीही ठरली. कॅमदंड फिरविणाऱ्या पट्ट्याच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही.

पट्ट्याचा दोष : भुजादंडाची गती कॅमदंडांना देण्यासाठी साखळी किंवा कोरडा दातेरी रबरी पट्टा वापरण्याची पद्धत जुनी आहे. साखळी टिकाऊ पण काहीशी गोंगाट करणारी असते. कोरडा पट्टा शांत असतो, परंतु तो रुंद करावा लागतो. घर्षण व आवाज दोन्ही कमी व्हावेत म्हणून या एंजिनात तेलात भिजून चालणारा पट्टा योजिला. वंगण तेलाचा पंपही अशाच दुसऱ्या पट्ट्याने चालतो. मुख्य पट्टा दहा वर्षे किंवा सु. २,४०,००० किमी. टिकेल अशी अपेक्षा धरलेली होती.

प्रत्यक्षात अनेक गाड्यांत तो त्याआधीच खराब झाल्याचे आढळले. याचे कारण रबरापेक्षा तेलाच्या अवस्थेत अधिक आहे. थंड एंजिनावर थोड्या अंतराच्या फेऱ्या वारंवार केल्यास सिलिंडराच्या भिंतीवर पडलेले पेट्रोल दट्ट्याच्या कड्यांवरून ओघळून तेलात मिसळते. तेल बदलण्यास विलंब झाला, किंवा उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचे (५डब्ल्यू-२० श्यानतेचे, विशिष्ट मानकाचे) तेल न घालता हाताशी असलेले घातले, तर रबर मऊ पडून फुगते व त्याच्या कडा झडू लागतात. पट्टा एकदम तुटला, तर झडपा व दट्ट्ये एकमेकांवर आदळून एंजिन निकामी होते. परंतु याहून सामान्य व अधिक फसवा प्रकार असा की, पट्ट्याचा चुरा तेलपात्रातील जाळीत साचतो, पंपाला तेल ओढता येत नाही आणि वंगणाचा दाब घसरतो. अशा वेळी सर्वांत आधी टर्बोभारकाच्या धारव्यांना व नंतर भुजादंडाच्या धारव्यांना इजा पोहोचते. दाबाचा इशारा देणारा लाल दिवा चालकाला दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. चालत्या गाडीत एंजिन बंद पडले म्हणजे गतिरोधकाला (ब्रेकला) मिळणारे निर्वाताचे साहाय्यही लवकरच संपते, ही गोष्ट यात विशेष गंभीर आहे. तेलपंपाच्या पट्ट्याच्या दोषावरून फोर्ड कंपनीने २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतील काही फोकस व इकोस्पोर्ट गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. कॅमदंडांसाठी साखळी वापरलेली आवृत्ती कंपनीने त्याआधीच काढली होती.

पट्टा बदलणे हे रस्त्याकडेच्या कारागिराचे काम नव्हे. भुजादंडावरील कप्पी चावीने जखडलेली नसून केवळ घट्ट आवळल्यामुळे धरून राहते. तिची व कॅमदंडांची स्थिती खास हत्यारांनी पक्की न करता ती सैल केल्यास झडपांची वेळ चुकते. हा दोष केवळ एकाच कंपनीच्या वाट्याला आला असेही नाही. फ्रान्समधील प्यूजो-सिट्रॉएन समूहाच्या १.२ लि. ‘प्यूअरटेक’ एंजिनातही तेलात चालणारा पट्टा होता व तेथेही हाच अनुभव आला. तेल भरण्याच्या छिद्रातून मापक घालून पट्टा किती फुगला आहे हे तपासण्याची सोय त्यात आहे. या समूहाची उत्तराधिकारी असलेल्या स्टेलांटिस कंपनीने २०२४ मध्ये त्या एंजिनाची हमी दहा वर्षे किंवा १,७५,००० किमी. पर्यंत वाढविली.

इतर दोष : इकोबूस्ट एंजिन घालून सुरुवातीला निघालेल्या फोकस गाड्यांत शीतक प्रवाहातील एक प्लॅस्टिकची नळी उष्णतेने कमजोर होऊन पाणी गळे. लहान एंजिनात पाण्याचा साठाच थोडा असल्याने काही मिनिटांत शीर्ष तापून वाकते. पाण्याची पातळी वारंवार खाली जात असेल, तर केवळ भर घालीत राहणे धोक्याचे असते.

पेट्रोल थेट सिलिंडरात जात असल्यामुळे अंतर्ग्रहण झडपांच्या पाठी पेट्रोलाने धुतल्या जात नाहीत. तेलाच्या वाफा त्यांवर जळून काजळीचा थर बसतो व एंजिन अडखळू लागते. याखेरीज कमी वेगात जोराचा भार पडल्यास ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार या वर्गातील सर्वच एंजिनांत संभवतो. तेलाचे बारीक थेंब ज्वलनकक्षात जाऊन ते पेट घेतात असे मानले जाते, व तेलातील कॅल्शियमयुक्त प्रक्षालकांमुळे ही प्रवृत्ती वाढते. एका स्फोटानेही दट्ट्याची कडा फुटू शकते. २०१८ मध्ये आलेल्या एपीआय ‘एसएन प्लस’ व २०२० च्या ‘एसपी’ या तेलमानकांत या दोषाची चाचणी समाविष्ट झाली. चढावर मोठ्या गिअरात गाडी रेटणे टाळावे, असे सांगितले जाते ते यामुळेच. टर्बोभारकाच्या धारव्यांत तप्त तेल जळून कोळसा होणे, दाबाच्या हवेच्या नळ्या सुटणे आणि ठिणगी गुडद्या लवकर झिजणे हे किरकोळ, पण नेहमी आढळणारे दोष होत.

इंधनाच्या बचतीबद्दलचा दावा अर्धाच खरा ठरला. हलक्या पायाने चालविल्यास बचत होते. टर्बोभारकाचा पूर्ण उपयोग केल्यास एंजिन थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल सोडावे लागते व फायदा नाहीसा होतो. यूरोपातील जुन्या प्रयोगशालीय चाचणीत हे दिसत नसे. २०१७ पासून लागू झालेल्या नव्या चाचणीने हे अंतर काहीसे कमी केले.

भारतात ४ मी. पर्यंत लांब व १,२०० घ. सेंमी. पर्यंत धारकतेच्या पेट्रोल गाड्यांवर कर कमी असल्याने अशा एंजिनांना अनुकूल परिस्थिती मिळाली. इकोबूस्ट एंजिनाची इकोस्पोर्ट गाडी येथे २०१३ मध्ये आली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटारगाड्यांचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. त्या पहिल्या गाड्यांच्या पट्ट्यांची दहा वर्षांची मुदत, त्या कितीही थोड्या चाललेल्या असल्या तरी, २०२३ मध्ये उलटून गेली आहे. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या श्कोडा व फोक्सवॅगन गाड्यांत २०२० पासून आलेले ९९९ घ. सेंमी. चे तीन सिलिंडरी टर्बोभारित एंजिन याच वर्गातील आहे. त्याचा ठोकळा ॲल्युमिनियमाचा असून कॅमदंड कोरड्या दातेरी पट्ट्याने फिरतात.