आधी बसून जेव, मग बाजार!

फोन माझ्या भाचीचा होता, पण बोलत होती दुसरीच कुणी बाई. "तुम्ही हिच्या मामी का? ही दादरच्या पुलावर चक्कर येऊन बसलीय. शुद्धीवर आहे, घाबरू नका, पण कुणीतरी या." तव्यावर पोळी होती. गॅस बंद केला, परळहून टॅक्सी पकडली. पोचले तर आमची भाची पुलाच्या पायरीवर बसलेली, ओठ पांढरे पडलेले, आणि ती अनोळखी बाई आपल्या पिशवीतली केळी सोलून तिला भरवत होती.

दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ! बाईला निदान बारा तरी हवं. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "बाळ, तू जेवतेस कुठे?" भाची गप्प.

ही माझ्या नणंदेची मुलगी, चिपळूणजवळच्या गावातली. बारावीला छान मार्क मिळाले, माटुंग्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. दादरला चार मुलींबरोबर पेइंग गेस्ट म्हणून राहते. सकाळचा नाश्ता तिथे मिळतो, बाकी जेवणाचं आपलं आपण बघायचं. आमचं घर दीड खोलीचं, त्यात सासू-सासरे, म्हणून ती आमच्याकडे राहिली नाही. तरी "मामी जवळच आहे" या भरवशावर नणंदेने तिला पाठवली होती. आणि मामी काय करत होती? मामी वस्तीतल्या किशोरवयीन मुलींना गोळा करून 'रक्तक्षय आणि आहार' यावर माहिती देत होती! मैत्रिणींनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

वही काय बोलली

आमची भाची हिशेबाला पक्की. रोजचा खर्च वहीत लिहिते. ती वही मी मागून घेतली. वडील खर्चाला महिन्याला चार हजार पाठवतात. त्यातले खाण्यावर गेले होते अकराशे. म्हणजे दिवसाला चाळीस रुपयेसुद्धा नाहीत! दुपारी वडापाव, रात्री वडापाव, मध्ये कटिंग. आणि कपड्यांवर? सोळाशे. कुर्ता, लेगिंग्ज, पुन्हा कुर्ता, कानातले, सँडल.

मी रागावणारच होते, पण तिचं ऐकून घेतलं ते बरं झालं. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने तिच्या ड्रेसकडे बघून विचारलं होतं, "गावाकडून आलीस का गं?" बस्स. तेवढं एक वाक्य तिला सोळाशे रुपयांना पडलं. दर महिन्याला!

"पण जेवायचं का सोडलंस?" तर म्हणाली, "मामी, मला हॉटेलात एकटीने जाऊन बसायला लाज वाटते. सगळे बघतात असं वाटतं. वडापाव कसा, गाडीवर उभ्याने खाल्ला की झालं. कुणाच्या लक्षात येत नाही."

मी गप्प झाले. कारण मैत्रिणींनो, खरं सांगते, लग्न होऊन मुंबईत आले त्याला तेवीस वर्षं झाली, पण मीही कधी हॉटेलात एकटीने बसून जेवले नव्हते. नवऱ्याबरोबर, मुलांबरोबर, मंडळाच्या बायकांबरोबर जेवले. एकटी कधीच नाही. मी तिला काय शिकवणार?

मग ठरवलं. दर रविवारी दोघींनी निघायचं. दादर, गिरगाव, लालबाग, परळ पायी फिरायचं. कुठे काय खावं, काय घ्यावं, काय घेऊ नये ते वहीत लिहायचं. पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण येणार आहे, तिच्यासाठी.

एकटीने बसायच्या जागा

सुरुवात दादर पश्चिमेपासून केली. वडापावाला मी नावं ठेवणार नाही हं! १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात. गिरणीच्या पाळीला धावणाऱ्या माणसाच्या हातात मावेल असं ते खाणं. छबिलदास गल्लीतला श्रीकृष्णचा वडा आम्ही दोघींनी खाल्लाच. पण वडापाव ही भूक मारण्याची सोय आहे, जेवण नव्हे. मैदा, बटाटा आणि तेल यांतून रक्त कुठून वाढणार?

शिवसेना भवनासमोर 'आस्वाद' आहे. तिथल्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला, तेव्हा आम्ही दादर-परळवाल्यांनी कॉलर ताठ केली होती. मिसळीत मोड आलेली कडधान्यं असतात, वर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. फक्त लगेच चहा मागवू नका, चहाने ते लोह वाया जातं. जवळच 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, 'पणशीकर'कडे उपासाचे पदार्थ. पण भाचीने वहीत लिहिलं ते वेगळंच. 'इथे गर्दीच्या वेळी एका टेबलावर अनोळखी माणसं बसतात. शेजारी आजी एकट्या थालीपीठ खात होत्या. कुणी कुणाकडे बघत नाही.' तिला पदार्थापेक्षा त्या आजींचं अप्रूप वाटलं!

रोज हॉटेल परवडत नाही, ते खरंच आहे. त्यासाठी दादर-गिरगावातली पोळी-भाजी केंद्रं आहेत. कुठे बचत गटाच्या बायका चालवतात, कुठे एखादी गृहिणी घरातूनच देते. दोन पोळ्या, पालेभाजी किंवा उसळ, वर आमटी-भात. दोन-तीन वडापावांच्या पैशात पोटभर जेवण होतं. केंद्र चांगलं की नाही ते कसं ओळखायचं? दुपारी बाराला जाऊन उभं राहायचं. आसपासचे नोकरदार रोज डबा नेत असतील तर अन्न ताजं आहे. आणि संध्याकाळी चारला तीच भाजी गरम करून मिळत असेल तर दुसरीकडे जायचं.

गिरगावला चर्नी रोड स्टेशनला उतरून जाता येतं. २०२५ पासून भुयारी मेट्रोचं स्टेशनही झालंय, पण विद्यार्थ्याला लोकलचा सवलतीचा पासच परवडतो. ठाकूरद्वारला 'विनय'ची मिसळ खाल्ली. खोताच्या वाडीतून जाताना भाचीला अनंताश्रमाबद्दल सांगितलं. मासळीच्या जेवणासाठी नाव होतं त्याचं. आता तो बंद झालाय. "तिथे एकट्या बायका जेवायला यायच्या का गं मामी?" तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

लालबागच्या चुली

उत्तर मिळालं ते आमच्याच भागात, लालबाग-परळला. गिरणगावात पूर्वी हजारो कामगार बायकापोरं गावी ठेवून एकटे राहायचे. त्यांना जेवू कोण घालायचं? खोलीखोलीतून खानावळी चालवणाऱ्या बायका. पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे पंगती उठवायच्या. किराण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांतून हातात काही उरायचं नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यांच्या कामाला मान मिळवून दिला. त्यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. गिरण्या थंडावल्या तशा या चुलीही थंडावल्या. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे. भाचीने एक कुर्ता तिथलाच घेतला होता!

आमच्या चाळीतल्या एक आजी तशीच खानावळ चालवायच्या. त्यांच्याकडे भाचीला नेलं. आजी म्हणाल्या, "अगं, वीस गडी जेवून उठायचे. त्यांना वाढताना कुणाच्या ताटात भाकर कमी पडू दिली नाही. मी मात्र शेवटी, भांडी घासायच्या आधी, उभ्याने खायची. कधी तव्याखालचं, कधी उरलंसुरलं."

उभ्याने! भाचीने माझ्याकडे बघितलं. आजी चुलीपाशी उभ्या, ही गाडीपाशी उभी, आणि मी ओट्यापाशी उभी. तीन पिढ्या बायकांच्या, जेवायला बसणं काही कुणाला जमलं नाही.

म्हणून तर महाराष्ट्रातली परिस्थिती अशी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! यात आपल्या घरातल्याच कुणीतरी आहेत ना?

खरेदीचे चार शब्द

आता खरेदीबद्दल. कपड्यांची हौस मुलीला असणारच आणि ती असावी. फक्त डोळे उघडे ठेवून.

ड्रेसचं कापड घ्यायचं तर दादर पूर्व आणि परळ यांच्या मधलं हिंदमाता मार्केट. साड्या, ड्रेस मटेरियल भरपूर. पण पावसाळ्यात जोराचा पाऊस असेल तर जाऊच नका, तिथे पाणी तुंबतं. मीटरवर कापड हवं तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट. बांगड्या, खोटे दागिने भुलेश्वरला. दादरच्या रानडे रोडवर सगळंच मिळतं, पण गणपती-दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि भावही उतरत नाहीत. सण उलटला की जा.

रस्त्यावर घेतलेला भाचीचा एक लाल कुर्ता पहिल्याच धुण्यात बादलीभर रंग सोडून गेला. आता ती ओल्या रुमालाने कापडाचा कोपरा चोळून बघते. शिवण ओढून बघते. घासाघीस जरूर करावी, पण भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने येणाऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी नको. तिचंही घर त्यावरच चालतं.

पुस्तकं नवी घ्यायची घाई करू नये. किंग्ज सर्कलला आणि फोर्टात फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. १८९८ पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरलाच आहे, तिथे सभासद व्हावं. मसाला, चिवडा घ्यायचा तर लालबागला. उन्हाळ्यात बायका मिरच्या घेऊन कांडपाच्या रांगेत बसलेल्या असतात, त्या वासानेच ठसका लागतो. कोरडी भेळ करायला चिवडा आणि जोडीला गूळ-शेंगदाणे खोलीवर असले, की रात्री नुसत्या चहावर झोपायची वेळ येत नाही. भारतमाता थिएटरजवळच्या 'लाडू सम्राट'चे लाडूही चार घेऊन ठेवावेत!

आणि मोबाईलने स्कॅन करून पैसे दिले की ते गेल्यासारखे वाटतच नाहीत. म्हणून भाचीने नियम केलाय. खाण्याचे पैसे मोबाईलवर, कपड्यांचे रोख. पाकीट रिकामं झालं की खरेदी बंद. खाण्यासाठी आता महिन्याला चोवीसशे बाजूला काढते, कपडे दोन महिन्यांतून एकदा. आणि बुधवार-रविवार रात्री मामीकडे जेवायला यायचंच, हा नियम माझा.

लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर आलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर तिने बहिणीसाठी मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'आधी बसून जेव, मग बाजार!'

मी काय शिकले? गेल्या महिन्यात कामासाठी दादरला गेले होते. दुपारचे दोन वाजले, भूक लागली. नेहमीसारखी घरी जाऊन उरलेलं खायला निघणार होते, पण पाय वळले. आत गेले, बसले, एक थालीपीठ आणि ताक मागवलं. पहिली पाच मिनिटं पदर सारखा करण्यात गेली. मग लक्षात आलं, खरंच, कुणीही बघत नव्हतं. गरम थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा... शांतपणे खाल्लं. घरी येऊन भाचीला फोन केला, तर ती इतकी हसली!

तुमची लेक शिकायला मुंबई-पुण्याला जाणार असेल, तर बॅग भरण्याआधी एक करा. तुमच्याच गावातल्या एखाद्या चांगल्या हॉटेलात तिला एकटीला पाठवा. तिने स्वतः ऑर्डर द्यावी, बसून खावं, बिल द्यावं आणि घरी यावं. आणि हो, तिच्याआधी एकदा तुम्ही जाऊन या. जमेल ना?