कुंपण, छाटणी, तोड : ठेकेदाराच्या हातची कामे

• खांब : सिमेंटचे किंवा दगडी, साधारण १० फुटांवर एक. खड्डा दीड-दोन फूट. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू हवेतच. नाहीतर तार ताणताच तो आत झुकतो.

• तार : काटेरी तारेला गुरे थबकतात. रानडुकरे मात्र खालून घुसतात. त्यांच्यासाठी जमिनीलगत जाळी लागते.

• झटका मशीन : सौर बॅटरीवर चालते, क्षणभराचे झटके देते. तारेत घरची वीज सोडणे बेकायदा आणि जीवघेणे.

• सीताफळ : बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सीताफळाच्या छाटणीत वाळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढतात. मोठ्या कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावतात : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.

• नवी रोपे : लावलेले रोप जगते ते आळे, आच्छादन आणि उन्हाळ्यातल्या पाण्यावर.

• तोड : झाड स्वतःच्या शेतातले असले, तरी महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार आंबा, चिंच, साग अशा झाडांना कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी लागते. कागद हाती आल्यावरच काम ठरवावे.