वकिलीतून राजकारणाकडे : लेखांक ४ – फिरोजशहा मेहता

फिरोजशहा मेहता यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. १८६४ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा शिकायला इंग्लंडला निघाले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले. मुंबई हायकोर्टात तेव्हा इंग्रज बॅरिस्टरांचे वर्चस्व होते. मेहतांचा जम बसला तो मुख्यतः मुंबईबाहेर, गुजरात-काठियावाडातल्या खटल्यांवर.

त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची खरी सुरुवात १८७१ मध्ये झाली. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराचे रूप पालटले होते, पण खर्च हाताबाहेर गेला आणि करदाते भडकले. एका व्यक्तीच्या हाती कारभार नकोच, अशी मागणी पुढे आली. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात मेहतांनी नेमकी उलट बाजू घेतली. दोष कमिशनरपदाचा नसून त्याच्यावर लोकांचा वचक नसण्याचा आहे; कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे राहू द्या, मात्र करदात्यांनी निवडलेली सभा त्याच्या डोक्यावर बसवा, असे त्यांचे म्हणणे होते. श्रोते खवळले. सव्वीस वर्षांच्या बॅरिस्टराने लोकांचा रोष असा अंगावर घ्यावा, याला धाडसच म्हणावे लागेल.

१८७२ च्या कायद्याने त्याच दिशेने पाऊल टाकले. कॉर्पोरेशनचे ६४ सदस्य ठरले : ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेल्या मानद दंडाधिकाऱ्यांनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले. पुढे १८८७ मध्ये सरकारने नवे विधेयक आणले. त्यात कमिशनरला झुकते माप होते. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघेही तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात होते. कायद्याची भाषा जाणणाऱ्या या जोडीने विधेयकाला आव्हान दिले आणि कॉर्पोरेशनची सत्ता राखली. १८८८ चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह मुंबई महापालिकेला आजही लागू आहे.

दरम्यान १८८५ मध्ये तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासोबत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १९०१ मध्ये कायदेमंडळात जमीन महसुलाचे विधेयक आले. शेतकऱ्याला जमीन विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क न देता ती त्याला कसायला देण्याची वाट त्यात होती. विधेयक लोकमतासाठी फिरवावे, ही मेहतांची सूचना फेटाळली गेली. तेव्हा ते सभात्याग करून निघाले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासह काही सदस्य त्यांच्यामागे बाहेर पडले.

मेहतांची लढाई सभागृहातली, कलमांची. लोकांना थेट चळवळीत उतरवणाऱ्या लोकमान्य टिळकांच्या राजकारणाशी त्यांचे जमणे अवघडच होते. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस नेमस्त आणि जहाल अशी दुभंगली, तेव्हा नेमस्तांच्या बाजूची सूत्रे बव्हंशी त्यांच्याकडे होती. काँग्रेसमधला त्यांचा दरारा काहींना हुकूमशाही वाटे आणि हा आक्षेप निराधार नव्हता. त्याच वर्षी मुंबईतल्या काही वजनदार इंग्रजांनी एकजूट करून त्यांना कॉर्पोरेशनवरच्या जस्टिसांच्या जागांसाठीच्या निवडणुकीत पाडण्याचा घाट घातला. तो साधलाही, मेहता अगदी थोडक्यात मागे पडले. पण निवडून आलेल्यांपैकी एकाची जागा कायद्याने रिकामी ठरली आणि ते कॉर्पोरेशनात परतले.

१९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला यांनी स्थापन केलेल्या सेंट्रल बँकेचे पहिले अध्यक्षपद मेहतांकडे आले. १९१३ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ सुरू केले आणि संपादक म्हणून बेंजामिन हॉर्निमन यांना आणले. १९१५ चे काँग्रेस अधिवेशन मुंबईत व्हावे यासाठी त्यांनी जोर लावला होता. ते डिसेंबरात भरले. मेहता ५ नोव्हेंबरलाच वारले होते.