कटीचे स्थैर्य : वेदना गेल्यानंतरची चिकित्सा

कटिशूलाचा रुग्ण कोणत्याही वैद्याला नवा नाही. स्नेहन, स्वेदन, बस्ती आणि पथ्यपालन यांनंतर बहुतेकांची वेदना काही आठवड्यांत उतरते आणि रुग्ण समाधानाने निरोप घेतो. पुढे काही महिन्यांनी त्यांपैकी पुष्कळजण तीच तक्रार घेऊन पुन्हा दाराशी येतात. औषध तेच, वैद्य तोच, रुग्णही तोच. मग व्याधी का परतावी? हा प्रश्न लहान नाही. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने पीडित होते, असा जागतिक व्याधिभार अभ्यासाचा अंदाज आहे.

वेदना शमणे आणि कटीचे बल पूर्ववत होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे गेल्या तीन दशकांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. ‘कोअर स्टॅबिलिटी’ या नावाने व्यायामशाळांतून आणि जाहिरातींतून फिरणाऱ्या कल्पनेचा उगम याच संशोधनात आहे. त्यातील टिकाऊ भाग कोणता आणि फुगवलेला कोणता, याचा विवेक करून आपल्या चिकित्सेत त्याचे स्थान ठरवणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंतराधीचे बांधकाम

षडंग शरीरातील अंतराधी, म्हणजे धड, याच्या खालच्या भागाची कल्पना एका पेटीसारखी करता येते. वर श्वासपटल, खाली श्रोणितलाच्या मांसपेशी, पुढे व बाजूंना उदराच्या मांसपेशी आणि मागे पृष्ठवंशालगतच्या मांसपेशी. उदराच्या सर्वांत आतल्या थरातील आडवी मांसपेशी, ट्रान्सव्हर्सस, पट्ट्याप्रमाणे कंबरेला वेढा घालते. मणक्यांना जवळून जोडणाऱ्या लहान लहान मांसपेशींच्या समूहाला मल्टिफिडस म्हणतात.

येल विद्यापीठातील मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये पृष्ठवंशाच्या स्थैर्याची त्रिविध मांडणी केली. अस्थी, चकत्या व अस्थिबंध हा पहिला घटक. मांसपेशी हा दुसरा. आणि या दोहोंवर नियंत्रण ठेवणारी मज्जासंस्था हा तिसरा. एक घटक उणा पडला तर उरलेले दोन काही काळ त्याची भरपाई करतात. ती भरपाई अपुरी पडू लागली की व्याधी प्रकट होते. मांसपेशींचा वाटा किती मोठा आहे, हे त्याच काळातील एका प्रयोगावरून ध्यानात येते. मांसपेशी काढून केवळ अस्थी, चकत्या व अस्थिबंध शिल्लक ठेवलेला कटिभागाचा पृष्ठवंश प्रयोगशाळेत उभा करून त्यावर भार दिला असता, सुमारे ९० न्यूटन, म्हणजे नऊ किलो वजनाइतक्या भाराखाली तो ढळला. जिवंत माणसाची कंबर याच्या कित्येक पट भार नित्य पेलते; ती मुख्यत्वे मांसपेशींच्या आधारावर.

वेदना जाते, मांसपेशी मागे राहते

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. कंबरदुखीचा त्रास असलेले १५ आणि निरोगी १५ जण यांना उभे करून, खूण मिळताच हात वेगाने हलवण्यास सांगितले. निरोगी व्यक्तींमध्ये हाताच्या मांसपेशी काम सुरू करण्यापूर्वीच उदरातील आडवी मांसपेशी आकुंचन पावत होती. जणू हात हलण्याआधी शरीर पाया पक्का करून घेत होते. कंबरदुखीच्या रुग्णांमध्ये मात्र या पूर्वतयारीला उशीर होत होता. म्हणजे दोष केवळ बलाचा नव्हता, वेळेच्या नियंत्रणाचाही होता.

त्याच वर्षी ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी प्रथमच तीव्र कंबरदुखी झालेल्या ३९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना नेहमीचे वैद्यकीय उपचार आणि उरलेल्यांना त्यासोबत विशिष्ट व्यायाम, अशी विभागणी केली होती. दोन्ही गटांतील बहुतेकांची वेदना चार आठवड्यांत गेली. परंतु सोनोग्राफीने मोजले असता, व्यायाम न केलेल्या गटात दुखऱ्या बाजूची मल्टिफिडस दहाव्या आठवड्यातही कृशच होती. आणि तोवर हे रुग्ण आपल्या रोजच्या कामाला लागलेले होते. याच रुग्णांचा पुढील पाठपुरावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात दुखणे परत आलेल्यांचे प्रमाण व्यायाम न केलेल्यांत ८४ टक्के, तर व्यायाम केलेल्यांत ३० टक्के होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षांत हेच प्रमाण अनुक्रमे ७५ व ३५ टक्के राहिले.

अभ्यास लहान आहे, हे मान्य करूनही त्याचा बोध वैद्याने सोडू नये. दुखणे थांबले की रुग्ण चिकित्सा संपली असे समजतो. वस्तुतः तेव्हा केवळ शूल संपलेला असतो.

विशिष्ट व्यायाम की कोणताही व्यायाम?

या निष्कर्षांनंतर कोअर व्यायामाची लाट आली. पोट आत ओढून ती एकच आडवी मांसपेशी जागृत करण्याचे वर्ग निघाले; मोठे चेंडू, डुगडुगत्या फळ्या आणि नाना उपकरणे बाजारात आली. त्यानंतरच्या संशोधनाने या उत्साहाला योग्य तो लगाम घातला.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, दीर्घकालीन कंबरदुखीत कोअर व्यायामाने अल्पकाळात सामान्य व्यायामापेक्षा अधिक आराम दिसला. परंतु सहा व बारा महिन्यांनी दोहोंत लक्षणीय फरक उरला नाही. २०१४ मधील २९ अभ्यासांच्या समीक्षेनेही दीर्घकाळात हे व्यायाम अन्य सक्रिय व्यायामांहून सरस नाहीत, असेच सांगितले. २०१६ च्या कोक्रेन समीक्षेत २९ चाचण्या व २,४३१ रुग्ण होते. तिचाही कल तोच असून, व्यायामाची निवड रुग्णाची आवड, चिकित्सकाचे प्रशिक्षण, खर्च व सुरक्षितता पाहून करावी, असा तिचा सल्ला आहे.

यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. व्यायाम हवाच, हे पहिल्या संशोधनाचे फलित अबाधित राहते. मात्र एखाद्या विशिष्ट मांसपेशीची जादू, हा भाग गळून पडतो. रुग्णाला झेपेल, रुचेल आणि तो पुढे चालू ठेवील असा क्रमशः वाढणारा व्यायाम हीच खरी योजना. अपवाद म्हणून एक नोंद करावी : मणका पुढे सरकलेल्या किंवा त्याच्या कमानीत भेग असलेल्या ४४ रुग्णांवर पीटर ओ’सलिव्हन यांनी १९९७ मध्ये केलेल्या चाचणीत दहा आठवड्यांच्या विशिष्ट व्यायामाचा लाभ ३० महिन्यांनंतरही टिकून होता. निवडक रुग्णांत विशिष्ट व्यायामाला अर्थ आहे, इतका बोध त्यातून घेता येतो.

तोल, पुनर्वसन आणि क्रीडा

वृद्धांचे पडणे ही वैद्याने गांभीर्याने घ्यावयाची बाब आहे. २०१९ च्या कोक्रेन समीक्षेत १०८ चाचण्या व २३,४०७ वृद्धांचा विचार झाला. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटले. यात तोलाचे व दैनंदिन हालचालींशी जुळणारे व्यायाम आघाडीवर आहेत. धडाच्या मांसपेशींचे शिक्षण हा त्यातील एक भाग होय, संपूर्ण उपाय नव्हे. पक्षाघातानंतर बसण्याचा तोल सावरणे ही पुनर्वसनाची पहिली पायरी असते. तेथे धडाच्या व्यायामाने धडाचे नियंत्रण, उभे राहण्याचा तोल व चालणे यांत सुधारणा होते, असे २०२३ च्या कोक्रेन समीक्षेत दिसते.

क्रीडाक्षेत्रातील चित्र संमिश्र आहे. २००७ मध्ये येल विद्यापीठातील २७७ खेळाडूंच्या तीन वर्षांच्या पाहणीत, धडाच्या स्थितीचे भान कमी असलेल्या महिला खेळाडूंना गुडघ्याची दुखापत होण्याची शक्यता अधिक आढळली. पुरुषांत हा संबंध दिसला नाही. दुसरीकडे, २००४ मधील एका चाचणीत सहा आठवडे मोठ्या चेंडूवर व्यायाम केलेल्या तरुण खेळाडूंचे कोअर स्थैर्य वाढले, पण त्यांच्या धावण्याच्या क्षमतेत फरक पडला नाही. खेळात प्रावीण्य हवे असेल तर त्या खेळाचा सराव अटळ आहे. कोअर व्यायाम हा पाया आहे, कळस नव्हे.

ग्रंथांतील व्यायामविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात व्यायामाचे लक्षण सांगताना, जी शरीरचेष्टा स्थैर्यासाठी केली जाते व बल वाढवते तो व्यायाम, आणि तो मात्रेने करावा, असे म्हटले आहे. स्थैर्य, बल आणि मात्रा हे तिन्ही शब्द येथे एकत्र आले आहेत. आजचे संशोधन प्राचीनांना ठाऊक होते, असा दावा यावरून करण्याचे कारण नाही. परंतु व्यायामाचे प्रयोजन स्थैर्य मानणारी दृष्टी आपल्या परंपरेत आहे, ही गोष्ट रुग्णाला समजावताना उपयोगी पडते.

मात्रेचा विचार तर नित्य व्यवहारातला आहे. वाग्भटांनी अर्धशक्तीने व्यायाम सांगितला. श्वास मुखावाटे येऊ लागणे हे अर्धबलाचे लक्षण सुश्रुतांनी दिले. वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध व अजीर्ण झालेले यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, त्याचे तारतम्य राखावे लागते. वृद्धाला श्रमाचा व्यायाम नको, पण आधाराने तोल सांभाळण्याचा सराव हवा. पंचकर्मानंतरच्या परिहारकाळात श्रम वर्ज्य असतात. म्हणून व्यायामाचा आरंभ परिहारकाळ संपल्यावर करावा. मात्र हा आरंभ कधी करावयाचा, हे रुग्णाला निरोप देतानाच लेखी सांगावे.

प्रत्यक्ष योजना

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी मणक्यावर कमी भार पडेल असे तीन व्यायाम रूढ केले. त्यांना उपकरण लागत नाही, सतरंजी पुरते.

पहिला, उताणे झोपून. एक गुडघा वाकवावा, दुसरा पाय सरळ ठेवावा. तळहात कंबरेच्या नैसर्गिक कमानीखाली ठेवून डोके व खांदे किंचितच उचलावेत; कंबर जमिनीवर दाबू नये.

दुसरा, कुशीवर. कोपर खांद्याखाली ठेवून कटी उचलावी. प्रारंभी गुडघे वाकवून भार गुडघ्यांवर घ्यावा, बल आल्यावर पावलांवर. वसिष्ठासनाचे हे सौम्य रूप समजावे.

तिसरा, हात व गुडघे टेकून. उजवा हात पुढे व डावा पाय मागे सरळ करावा, मग उलट. पाठ हलू देऊ नये.

प्रत्येक स्थिती आठ ते दहा सेकंद, श्वास न रोखता, धरावी. प्रगती करताना धरण्याचा काळ न वाढवता आवर्तने वाढवावीत. सोबत नित्य चालणे ठेवावे. वृद्धांसाठी खुर्चीतून उठणे-बसणे आणि भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे इतकेही आरंभी पुरेसे आहे.

प्रातःकाळच्या व्यायामाबाबत एक सूचना आवश्यक आहे. रात्रभर झोपेत मणक्यांमधील चकत्या जलांशाने फुगतात आणि उठल्यावर पुढे वाकताना त्यांवर अधिक ताण येतो. सकाळी लवकर कंबरेत वाकणे टाळल्याने जुन्या कंबरदुखीत वेदना कमी झाल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. म्हणून कटिशूलाच्या रुग्णाला उठल्याबरोबर सूर्यनमस्कार किंवा पश्चिमोत्तानासन सांगू नये.

मलमूत्रावरील ताबा जाणे, गुदाभोवतीची संवेदना हरपणे, पायातील बल झपाट्याने घटणे, ज्वर, अकारण कृशता, अर्बुदाचा पूर्वेतिहास किंवा मोठा आघात, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम न सांगता रुग्णाला तत्काळ तज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधालयाची भूमिका

कंबरदुखीचा रुग्ण पुष्कळदा प्रथम औषधालयाच्या फळीशी येतो आणि तेल किंवा कंबरपट्टा मागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिबंधविषयक समीक्षेत, व्यायाम व शिक्षण यांच्या जोडीने कंबरदुखीची शक्यता ४५ टक्क्यांनी आणि केवळ व्यायामाने ३५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कंबरपट्ट्याने प्रतिबंध होतो असे मात्र आढळले नाही. पट्टा विकू नये, असा याचा अर्थ नव्हे. पट्टा काही दिवसांच्या आधारासाठी आहे, पुढचे काम स्वतःच्या मांसपेशींनी करावयाचे आहे, एवढे वाक्य विक्रेत्याने ग्राहकाला सांगितले तरी पुष्कळ साधेल. वैद्याने तयार केलेले तीन व्यायामांचे एक पानी पत्रक तेलाच्या बाटलीसोबत दिल्यास त्याचा खर्च नगण्य आहे.

शूल हरण करणे हे आपले कौशल्य आहे, आणि रुग्ण त्यासाठीच येतो. परंतु शूल गेल्यानंतरच्या दहा आठवड्यांत मांसपेशींना बल मिळाले नाही, तर आजचे यश पुढील वर्षी टिकेलच असे नाही. औषधाच्या मात्रेइतक्याच काटेकोरपणे व्यायामाची मात्रा लिहून देणे आणि एक-दोन महिन्यांनी रुग्णाला पुन्हा बोलावून ती तपासणे, ही सवय प्रत्येक चिकित्सालयात रुजली पाहिजे.