वायपर बंद होत नाहीत तेव्हा

वायपरचा स्विच बंद केला तरी मोटारीची वीज त्याच क्षणी तुटत नाही. ती तशी तुटली असती, तर पाती काचेच्या मध्यावर, चालकाच्या नजरेच्या आड येऊन थांबली असती. म्हणून पाती काचेच्या तळाशी आपल्या जागेवर पोहोचेपर्यंत मोटारीला दुसऱ्या वाटेने वीज मिळत राहते. वायपर बंदच होत नाहीत तेव्हा दोष बहुधा या दुसऱ्या वाटेवर, नाहीतर तिला जोडलेल्या स्विच, रिले किंवा वायरिंगमध्ये असतो. मोटार जोमाने फिरते आहे, याचा अर्थ तिचे कार्बन ब्रश आणि गुंडाळी ठीक आहेत. त्यामुळे तपासणीआधीच नवी मोटार विकत घेणे हा बऱ्याचदा वाया जाणारा खर्च ठरतो.

आतली रचना

गाडीतील वायपरची मोटार 12 व्होल्टवर चालते. तिच्या दांड्यावरील वर्म गिअर एका मोठ्या दातेरी चक्राला सावकाश फिरवतो आणि चक्राच्या एका फेरीत पाती एकदा वर जाऊन खाली येतात. सर्वसाधारण मोटारीत तीन कार्बन असतात : एक मंद गतीचा, एक जलद गतीचा आणि एक दोन्हींसाठी सामाईक. अनेक मोटारींत याच चक्रावर धातूची गोल पट्टी बसवलेली असते. पट्टीला एका ठिकाणी खाच असते आणि तिच्यावर स्प्रिंगसारखे लवचीक संपर्क घासत राहतात. स्विच बंद असताना वीज या पट्टीतून मंद गतीच्या कार्बनकडे जाते. पाती तळाशी आली की संपर्काखाली खाच येते, वीज तुटते आणि तीच वायर अर्थला जोडली जाते. वेगात असलेली मोटार क्षणभर जनित्रासारखी वागते, तिनेच निर्माण केलेला प्रवाह तिला ब्रेक लावतो आणि पाती जागच्या जागी थांबतात.

लक्षणांवरून अंदाज

पाती मंद गतीने अखंड फिरत असतील, तर चक्रावरील संपर्क, रिले आणि स्विच या तिघांवरही संशय राहतो. गती जलद असेल तर चक्रावरील संपर्क बहुधा निर्दोष असतो, कारण त्याची वीज मंद गतीच्या कार्बनला मिळते. अशा वेळी स्विच, रिले किंवा वायरिंग पाहावे.

पाती तळाशी किंचित अडखळून लगेच पुन्हा निघत असतील, तर मोटारीचे अर्थ तपासावे. अर्थ कच्चे असले की ब्रेक लागत नाही. मोटार खाच ओलांडून पुढे जाते आणि तिला पुन्हा वीज मिळते. काही सेकंद थांबून फेरी होत असेल, तर संशय थांबत चालणाऱ्या वायपरच्या रिलेकडे जातो. काचेवर पाणीही उडत असेल, तर पाण्याचा स्विच अडकलेला असतो. ऑटो वायपरच्या गाडीत आधी स्विचची दांडी ऑटोवर तर राहिली नाही ना, हे पाहावे. पावसाच्या सेन्सरसमोरची काच मळली तरी पाती उगाच फिरतात. किल्ली काढल्यावरही वायपर चालू राहिले, तर त्यांना थेट बॅटरीची वीज मिळत असते. चिकटलेला रिले किंवा सोललेली वायर हे त्याचे नेहमीचे कारण.

रस्त्यात असताना

गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन किल्ली बंद करावी. कोरड्या, धुळीच्या काचेवर पाती फिरत राहिली तर काचेवर ओरखडे पडतात, म्हणून फ्यूज बॉक्सच्या झाकणावरील नकाशा पाहून वायपरचा फ्यूज काढून ठेवावा. मात्र पावसात फ्यूज काढून गाडी चालवू नये. फिरती पाती हाताने धरू नयेत आणि बॉनेटखालच्या, पाती हलवणाऱ्या लिंकेजमध्ये बोटे घालू नयेत. तिथे बोट चिरडण्याइतका जोर असतो.

तपासणीचा क्रम

प्रथम रिले काढून पाहावा. त्याच क्रमांकाचा दुसरा रिले गाडीत असेल तर अदलाबदल करता येते. अदलाबदलीने दोष गेला, तर जुना रिले बदलावा. चिकटलेले संपर्क घासून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

दोष कायम असेल तर मोटारीचा कनेक्टर काढावा, किल्ली ऑन आणि वायपरचा स्विच बंद ठेवावा आणि गाडीकडून येणाऱ्या वायरी मल्टिमीटरने मोजाव्यात. नेहमीच्या जोडणीत फक्त पार्किंगच्या पुरवठ्याची वायर 12 व्होल्ट दाखवते. मंद किंवा जलद गतीच्या वायरीवरही व्होल्टेज दिसले, तर दोष मोटारीच्या बाहेर आहे. आता स्टीअरिंगजवळच्या स्विचचा कनेक्टर काढावा. व्होल्टेज गेले तर स्विच खराब आहे, राहिले तर वायर कुठेतरी दुसऱ्या वायरीला टेकते आहे. मंद-जलद दोन्ही वायरी शून्य दाखवत असतील आणि अर्थ पक्के असेल, तर दोष मोटारीतील संपर्कात आहे. नव्या गाड्यांत मोटारीतच इलेक्ट्रॉनिक मंडल असते. तिथे ही मोजणी लागू पडत नाही, स्कॅनर लावावा लागतो.

दुरुस्ती

चक्रावरील पट्टीवर घट्ट झालेले ग्रीस किंवा हिरवट थर असेल, तर मोटारीचे झाकण उघडून तो साफ करता येतो. संपर्क वाकला किंवा जळाला असेल तर सुटा भाग मिळतो का पाहावे, नाहीतर मोटार बदलावी. काचेखालच्या खोबणीत पाने साचून पाणी तुंबले की ते मोटारीत शिरते. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत गंज आणखी लवकर धरतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती खोबण साफ करावी.

स्विच बदलताना बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंग काढावे लागते. तिथे एअरबॅग असते, त्यामुळे हे काम जाणकाराकडेच सोपवावे. मोटार बसवल्यावर आधी ती एकदा चालवून बंद करावी, म्हणजे ती आपल्या थांब्यावर येते. मगच पात्यांचे दांडे बसवावेत. शेवटी काच ओली करून प्रत्येक गतीवर वायपर चालवावेत. दरवेळी स्विच बंद केल्यावर पाती ती फेरी पुरी करून तळाशी न अडखळता थांबली, की दुरुस्ती झाली.