वार्धक्य आणि भाषाव्यवहार : काही विचार

वृद्धांचे आरोग्य, त्यांची सुरक्षितता आणि त्यांना मिळणारा आधार ह्या प्रश्नांचा विचार सामान्यतः वैद्यक, अर्थशास्त्र आणि विधी ह्या तीन शास्त्रांच्या कक्षेत केला जातो. ते स्वाभाविकच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. आणि हे प्रमाण वाढतेच आहे. तथापि, औषध कसे घ्यावे हे वृद्धाला सांगावयाचे असते, दुखते कोठे हे त्याने सांगावयाचे असते, आणि अन्याय झाल्यास तक्रारही त्यानेच करावयाची असते. ही सर्व कार्ये भाषेच्या द्वारा घडतात. भाषाव्यवहार जेथे तुटतो तेथे औषध, पैसा आणि कायदा हे तिन्ही लंगडे पडतात. प्रस्तुत लेखात ह्या भाषिक अंगाचे थोडक्यात विवेचन करावयाचे आहे. आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांना ते दोन कारणांनी उपयुक्त व्हावे : एक तर बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासात आपले निवेदक बहुधा वयोवृद्धच असतात, आणि दुसरे, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी वृद्ध असतेच.

१. श्रवण आणि व्यंजने

वयोमानाने येणारा बहिरेपणा सर्व ध्वनींना सारखाच लागू होत नाही. प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, नीच कंप्रतेचे पुष्कळ काळ ऐकू येत राहतात. भाषेच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, स्वर ऐकू येतात आणि व्यंजने निसटतात. ‘स’ ह्या घर्षकाची ऊर्जा बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वर असते; ‘क’, ‘त’, ‘ट’, ‘प’ ह्या अघोष स्पर्शांची ओळख तर क्षणमात्र टिकणाऱ्या स्फोटावर आणि लगतच्या स्वरातील सूक्ष्म संक्रमणावर अवलंबून असते. म्हणूनच “मला ऐकू येते, पण कळत नाही” ही वृद्धांची नेहमीची तक्रार शब्दशः खरी असते.

मराठीत ह्याचा परिणाम कोठे होईल हे अल्पतम भेदाच्या जोड्यांवरून सहज दिसते. ‘साठ’ आणि ‘आठ’ ह्यांत केवळ एका घर्षकाचा भेद आहे. ‘सात’ आणि ‘साठ’ ह्यांत अंत्य स्पर्शाचा. औषधाची वेळ वा मात्रा सांगताना हे भेद किती मोलाचे आहेत ते निराळे सांगावयास नको. ह्याहून महत्त्वाची गोष्ट वाक्यरचनेची. मराठीत नकार सामान्यतः क्रियापदाशी, वाक्याच्या शेवटी येतो. आणि विधानाच्या शेवटी आवाज उतरत जातो. “ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका” ह्या वाक्यातील ‘नका’ निसटले, तर सूचनेचा अर्थ नेमका उलटा होतो. तीच सूचना “ही गोळी जेवण झाल्यावरच घ्या” अशी होकारार्थी दिल्यास हा धोका टळतो.

ओरडून बोलणे हा ह्यावरचा उपाय नव्हे. ओरडण्याने स्वरांची तीव्रता वाढते, अघोष व्यंजनांना त्याचा लाभ फारसा होत नाही. शिवाय बधिर झालेल्या कानाला मोठा आवाज पुष्कळदा असह्य होतो. प्रकाशात, समोर बसून, ओठ दिसतील अशा रीतीने बोलणे, दूरचित्रवाणीसारखा पार्श्वभूमीचा आवाज बंद करणे, पदसमूहांच्या सीमेवर किंचित थांबणे आणि न कळलेले वाक्य निराळ्या शब्दांत पुन्हा सांगणे हे अधिक फलदायी होय. श्रवणाची तपासणी वेळेवर करून घेणे ह्याला आणखीही एक कारण आहे. स्मृतिभ्रंशावरील लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले आहेत, त्यांत श्रवणऱ्हास एक आहे. श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतोच असे मात्र सिद्ध झालेले नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका तीन वर्षांच्या चाचणीत सर्व सहभागींचा एकत्र विचार करता लाभ दिसला नाही. ज्यांना मुळातच धोका अधिक होता त्या गटात तो दिसला.

२. शब्द जाणणे आणि शब्द आठवणे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण यमकाने जितकी पक्की आहे तितकी सत्याने नाही. रेमंड कॅटेल ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये बुद्धीचे जे दोन प्रकार विवेचिले, त्यांपैकी नवीन प्रश्न झटपट सोडविण्याची शक्ती वयाबरोबर मंदावते. परंतु अनुभवाने संचित झालेले ज्ञान, ज्यात शब्दसंपत्तीचा समावेश होतो, दीर्घकाळ टिकते. मंदावते ते शब्द जाणणे नव्हे, तर जाणलेला शब्द ऐन वेळी जिभेवर आणणे. डेबोरा बर्क आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार शब्दाचा अर्थ शाबूत असतो, पण अर्थापासून ध्वनिरूपाकडे जाणारा दुवा क्षीण होतो. विशेषनामांच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण विशेषनामाला अर्थाच्या जाळ्याचा आधार फार थोडा असतो.

येथे सामान्य वार्धक्य आणि व्याधी ह्यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. शेजाऱ्याचे नाव आठवले नाही आणि घटकाभराने आठवले, ही चिंतेची बाब नव्हे. परंतु परिचयाच्या वस्तूंची नावे वारंवार हरपणे, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने विचारणे, चालू संभाषणाचा धागा सुटणे, नेहमीच्या वाटेवर चुकणे ही लक्षणे दिसू लागली तर वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. कधी श्रवणऱ्हासामुळे दिलेली विसंगत उत्तरे ‘भ्रमिष्टपणा’ म्हणून खपविली जातात, तर कधी खरा स्मृतिभ्रंश ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्षिला जातो. दोन्हींत हानी वृद्धाचीच होते.

एका भारतीय संशोधनाचा उल्लेख येथे करणे उचित होईल. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबाद येथे ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्तांचा अभ्यास करून २०१३ मध्ये असे दाखविले की, द्विभाषिकांमध्ये लक्षणांचा आरंभ एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाला होता. निरक्षरांच्या बाबतीतही हा फरक आढळला. अन्यत्र झालेल्या सर्वच अभ्यासांनी ह्याला दुजोरा दिलेला नाही. तेव्हा ह्यावरून घाईने नियम बांधू नये. तरी वृद्धाची प्रत्येक भाषा वापरात ठेवावी, इतके म्हणावयास हरकत नाही.

३. ‘आपण’ आणि ‘ह्यांना’

वृद्धांशी बोलताना उंच स्वर, बाळबोध शब्द आणि लाडिक संबोधने वापरण्याची जी लकब दिसते, तिचा पाश्चात्त्य देशांत १९८० नंतर बराच अभ्यास झाला आहे. सूझन केम्पर आणि तमारा हार्डन ह्यांनी १९९९ मध्ये ह्या लकबीतील घटक सुटे करून पाहिले. गुंतागुंतीची गौणवाक्ये टाळणे आणि आशय विस्ताराने सांगणे ह्यांचा उपयोग होतो. तुटक वाक्ये, अतिमंद गती आणि उंच स्वर ह्यांचा होत नाही, असे त्यांना आढळले.

मराठीत हा प्रश्न सर्वनामांत विशेष स्पष्ट होतो. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा व्यावर्तक व समावेशक भेद आहे. शिवाय ‘आपण’ हे द्वितीय पुरुषाचे आदरार्थी रूपही आहे. “आपण जेवता का?” ह्यात आदर आहे. “आपण आता जेवूया हं” असे परिचारिका म्हणते तेव्हा ती स्वतः जेवणार नसते. सर्वनाम तेच, परंतु क्रियारूपाने त्याचा पुरुष बदलतो आणि प्रौढ मनुष्याचे बालक होते. ‘आजी’, ‘आजोबा’ ही संबोधने आपल्या समाजात परक्यालाही आपुलकीने लावली जातात आणि ती सोडावीत असे कोणी म्हणणार नाही. पण रुग्णालयात दहा खाटांवर दहा ‘आजी’ असतील, तर नाव विचारणे हे सौजन्याचे आणि सुरक्षिततेचेही लक्षण ठरते. औषध चुकीच्या व्यक्तीला जाऊ नये म्हणून ते आवश्यकच आहे.

सर्वांत घातक प्रयोग तृतीय पुरुषाचा. वृद्ध समोर बसलेले असताना “ह्यांना झोप लागते का?” असे मुलाला विचारले जाते. ‘ह्यांना’ हे आदरार्थी बहुवचन खरे. पण आदराचे वचन पुरुषाची भरपाई करीत नाही. ज्याच्याविषयी बोलतात तो संभाषणात नसतो, ज्याच्याशी बोलतात तोच असतो. ज्याला संभाषणातून वगळले त्याने वेदना, भीती किंवा घरातील छळ कोणाला सांगावा? डॉक्टरांनी, आणि क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यानेही, पहिला प्रश्न वृद्धालाच विचारावा, उत्तरासाठी थांबावे आणि काही वेळ त्याच्याशी एकांतात बोलावे.

४. वाचेचा आकस्मिक लोप

बोलणे एकाएकी अडखळले, शब्द विपरीत येऊ लागले, तोंड एका बाजूस ओढले गेले किंवा एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवावी. त्यानंतर वाचाघात उरला तरी बुद्धी गेली असे मानू नये. ब्रोका ह्याने १८६१ मध्ये वर्णिलेल्या प्रकारात रुग्णाला बोलता येत नाही, पण आकलन पुष्कळसे शाबूत असते. त्याला ‘होय’ वा ‘नाही’ने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत, आणि त्याच्या देखत त्याच्याविषयी बोलू नये.

५. वचन आणि लेख

शेवटी कायद्याच्या भाषेविषयी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीच्या २००७ च्या अधिनियमान्वये वृद्धाला न्यायाधिकरणाकडे स्वतः अर्ज करता येतो. तो असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती वा संस्था करू शकते. कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळविण्याचा मार्ग आहे. पण ‘आम्ही सांभाळू’ हे तोंडी वचन आणि बक्षीसपत्रातील अट ह्यांत पुराव्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. अट लेखात स्पष्ट शब्दांत असावी, आणि दस्तऐवज सही करण्यापूर्वी वृद्धाला त्याच्या बोलीत समजावून सांगितला जावा. ‘१४५६७’ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनीही ह्या कामी उपयोगी पडते.

सारांश, वार्धक्यात भाषा संपत नाही. तिच्या वाटा अरुंद होतात. त्या मोकळ्या ठेवण्याचे दायित्व बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचे आहे. वृद्धांशी होणाऱ्या मराठी संभाषणांचे, विशेषतः रुग्णालयीन संभाषणांचे, पद्धतशीर ध्वनिमुद्रण व विश्लेषण हा पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय होईल. मात्र असे ध्वनिमुद्रण करण्याची अनुमती मुलाकडून नव्हे, शक्य तेथवर त्या वृद्धाकडूनच घेतली पाहिजे.