अंगठा लागण्याआधी

पुण्यात भाड्याच्या घराचा करार हल्ली घरबसल्या होतो. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आमच्यासारखा माणूस दारात येतो. मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे आधार नंबर टाकायचे, फोटो काढायचे, अंगठे घ्यायचे. दुय्यम निबंधक कार्यालयातून मंजुरी आली की नोंदणीकृत करार मेलवर येतो. काम थोडक्या वेळाचं. पण तेवढ्या वेळात दोन्हीकडचं ऐकायला मिळतं. मालक मला गॅलरीत नेऊन विचारतात, ‘पोरं बरी वाटतात ना?’ आणि खाली उतरताना जिन्यात भाडेकरू विचारतो, ‘हे डिपॉझिट परत देतात ना हो?’ दोघंही घाबरलेले असतात. एवढ्या वर्षांत मला दिसलेलं सत्य हेच आहे, आणि ते ना मालकाला माहीत असतं ना भाडेकरूला.

हंगाम मे-जूनचा. कॉलेजं सुरू होतात, बदल्या होतात, नोकरीला लागलेली नवी मुलं शहरात उतरतात. मग पितृपक्षात सामसूम. कराराची तारीख एक असली तरी सामान अमावस्या टळल्यावरच हलणार, असं ठामपणे सांगणारे लोक हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतही भरपूर आहेत. घटस्थापनेला मात्र मला जेवायला वेळ मिळत नाही.

मी पोचेपर्यंत घर कुणाला द्यायचं हे ठरून गेलेलं असतं. ते ठरतं एजंटच्या पहिल्या फोनवर. फॅमिली की बॅचलर? कुठे कामाला? नॉनव्हेज करता का? आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, आडनाव काय म्हणालात? वाकडमधल्या एका फ्लॅटचं सगळं ठरलं होतं. मुलगा इंजिनिअर, पगाराची स्लिप उत्तम, टोकन दिलेलं. करारासाठी आधार कार्डांचे फोटो ग्रुपवर आले आणि मालकांनी त्याचं पूर्ण नाव तेव्हा पहिल्यांदा वाचलं. तासाभरात एजंटचा फोन आला, ‘आजचं राहू द्या, मालकांचा मुलगा परदेशातून परत येतोय.’ मुलगा काही परत आला नाही. पुढच्याच महिन्यात त्या फ्लॅटचा करार दुसऱ्या नावाने झाला, नोंदवायला माझ्या ओळखीचाच माणूस गेला होता. राज्यघटनेचं कलम 15 धर्म किंवा जात पाहून भेदभाव करायला सरकारला मनाई करतं, दुकान आणि हॉटेलचं दारही सगळ्यांना उघडं ठेवतं. पण आपला फ्लॅट कुणाला द्यायचा हे ठरवणारा मालक त्यात सापडत नाही. टोकनचे पैसे परत मिळाले म्हणून त्या मुलाने एजंटचे आभार मानले. ते आभार मला अजून सलतात.

याच्या उलट कोथरूडच्या एका निवृत्त शिक्षिकेची गोष्ट. बाईंनी आपला फ्लॅट सांगलीकडच्या दोन नर्सना द्यायचं ठरवलं. सोसायटीच्या कमिटीने कळवलं की, रात्रपाळीच्या मुली नकोत, आम्ही एनओसी देणार नाही. मी पोचलो तेव्हा चेअरमन आणि सेक्रेटरी दोघेही सोफ्यावर बसलेले. बाईंनी शांतपणे आदर्श उपविधींचं पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. सभासदाने घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आगाऊ कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते त्या बिनभोगवटा शुल्काचंही त्यांना पाठ होतं. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरायचा नाही. ‘तेवढं मी दर महिन्याला भरेन,’ त्या म्हणाल्या. ‘आणि माझी मुलगी बंगळुरात रात्रीच कामाला जाते. तिला कुणी घर दिलं नसतं तर?’ चेअरमन उठून गेले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि मग साक्षीदार म्हणून त्यांनीच अंगठा दिला. हे मी स्वतः पाहिलं नसतं तर कुणी सांगून मला पटलं नसतं.

मालकांच्या भीतीबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण भाडेकरूंना ती नुसती मग्रुरी वाटते. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांकडे मी दर वर्षी जातो. त्यांच्या जुन्या वाड्यातल्या बिऱ्हाडांचं भाडं त्यांच्या वडिलांच्या वेळेला ठरलेलं. पावसाळ्याआधी कौलं शाकारायचा खर्च वर्षभराच्या भाड्यात निघत नव्हता. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली. मालकांनी मग ‘भाडेकरू’ हा शब्द टाळून परवानगीचे, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचे करार करायला सुरुवात केली. पण 1973 च्या दुरुस्तीने, 1 फेब्रुवारी 1973 ला असा करार चालू असलेला माणूसही भाडेकरू मानला गेला. त्या तारखेने पुण्या-मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीची झोप उडवली. आजोबा अजूनही करारावर अंगठा देण्याआधी विचारतात, ‘यात तो हक्क लागत नाही ना?’ दर वर्षी मी त्यांना तेच सांगतो. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्याच्या कलम 24 नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की राहण्याच्या घराचा ताबा मागता येतो, आणि माणूस हलला नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. आजोबा मान डोलवतात. पुढच्या वर्षी परत विचारतात.

त्यांच्याकडचे भाडेकरू म्हणजे स्पर्धा परीक्षांची मुलं, कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट, चार ट्रंका, भिंतीवर नकाशा. आजोबांना मुलांची नावं लक्षात राहत नाहीत, पण कोण पूर्व परीक्षेला बसलाय आणि कोण मुलाखतीपर्यंत पोचलाय हे तोंडपाठ असतं. एकदा त्यांचा अंगठाच लागेना. वयाने रेषा झिजतात, मशीन लाल दिवा दाखवत राहतं. लातूरकडच्या मुलाने त्यांचा हात आपल्या हातात घेतला, ओल्या फडक्याने एकेक बोट पुसलं, कपाळावर घासायला सांगितलं, कारण कपाळाच्या तेलकटपणाने ठसा उठतो. आम्ही एकेक बोट लावून बघत होतो. शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर हिरवा दिवा लागला. त्या मुलाकडून दोन महिन्यांचं डिपॉझिट ठरलं होतं, ते आजोबांनी तिथल्या तिथे एक महिन्याचं केलं. सगळा मसुदा मला पुन्हा टाइप करावा लागला, आणि तो मी आनंदाने केला.

डिपॉझिट हा भांडणाचा खरा मुद्दा. घर सोडताना रंगकामाचे कापले, खिळ्याच्या भोकांचे कापले, न चालणाऱ्या पंख्याचे कापले. अशा तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे येतात, जणू मी ते मिटवू शकतो. खराडीतल्या एका मुलीने मात्र ताबा घेतला त्याच दिवशी घरभर फिरून व्हिडिओ काढला, ओल आलेली भिंत दाखवली, महावितरणच्या मीटरचं रीडिंग टिपलं आणि मालकांना पाठवून दिलं. करारात तिने मला एक यादी जोडायला लावली. पंखे किती, ट्यूब किती, गिझर, किल्ल्यांचे जोड. रंगकामाचा खर्च कुणाचा, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत, हेही एकेक ओळीत. मालक आधी जरा दुखावले. पण निघताना त्यांनी तोच मसुदा आपल्या दुसऱ्या फ्लॅटसाठी मागून घेतला. मी भाडेकरूंना कळकळीने सांगतो की, अंगठा देण्याआधी करार वाचा. बहुतेक जण फक्त भाड्याचा आकडा आणि आपल्या नावाचं स्पेलिंग बघतात.

‘अकरा महिनेच का?’ असंही सगळे विचारतात. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून एक महिना कमी करायची सवय पडली. आपल्या राज्यात ती पळवाट उरलेली नाही. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 ने अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. तरी ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू’ हे वाक्य मला रोज ऐकू येतं.

कात्रजजवळ एका दुमजली घराच्या खालच्या खोलीत एक बाई राहते. धुणीभांडी करते, नवरा वॉचमन. मुलाला आरटीईच्या 25 टक्के जागांमधून शाळेत घालायचं होतं. त्यासाठी शाळा घराजवळची लागते, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत करार मागतात, तोही अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा. नोटरी चालत नाही. तिच्याकडे वर्षानुवर्षांच्या मुक्कामाचा एकही कागद नव्हता. मालक ऐकायला तयार नव्हते. कागद केला की ही माणसं कायमची बसतील, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. ‘खर्च मी देते, साहेब,’ ती म्हणत राहिली. खर्च म्हणजे महापालिका हद्दीतली नोंदणी फी 1000 रुपये, आणि पाच हजार भाडं, दहा हजार डिपॉझिट धरून अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, म्हणजे दोनशेच्या आतच. वर माझी फी, ती मी घेणार नव्हतो.

मी मालकांना बाजूला घेतलं आणि कलम 55 चा पुढचा भाग समजावला. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि वाद कोर्टात गेला तर, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. ‘म्हणजे कागद नसला तर ती म्हणेल ते खरं?’ त्यांनी दोनदा विचारलं. म्हटलं, हो. कागद झाला की मुदत लिहिलेली असते, भाडं लिहिलेलं असतं, तुमचं नाव मालक म्हणून लिहिलेलं असतं. ते काही न बोलता आत गेले आणि आधार कार्ड घेऊन बाहेर आले. त्या रात्री सर्व्हर हळू होता, दहा वाजून गेले, मुलगा आईच्या मांडीवर झोपला. बाईचा अंगठाही उठेना, भांडी घासून रेषाच राहिल्या नव्हत्या. करंगळीवर जमलं.

लॉटरीत मुलाचं नाव लागलं, कागदपत्रांची पडताळणीही पार पडली. मालकांचा फोन मात्र त्याच्याही आधी आला होता, अंगठे घेतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अशीच बिनकागदाची बिऱ्हाडं आहेत, त्यांचेही करार करायचे आहेत, रविवारी येता का?